चित्र अडते कुठे?

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वाचकांकडून एक तक्रार हल्ली आमच्या कानी वारंवार येते. घरात ब्रॉडबँड आहे, महिन्याचे पैसे वेळेवर भरले जातात. पण व्हिडिओ लावला की चित्र थांबते आणि पडद्यावर गोल चकती फिरत राहते. मालिका थांबली तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पण त्याच जोडणीवर घरातील मुलगी स्पर्धा परीक्षेचा वर्ग करीत असते. तिथे गणिताची एक पायरी निसटली की पुढचे सगळेच निसटते.

अशा वेळी घरोघरी एकच उपाय केला जातो, तो म्हणजे मोठा प्लॅन घेणे. त्याचा हिशेब आधी मांडू. समजा, ४९९ रुपयांचा प्लॅन सोडून ९९९ रुपयांचा घेतला. ५०० रुपयांच्या फरकावर १८ टक्के जीएसटी धरला, तर महिन्याला ५९० आणि वर्षाला ७,०८० रुपये जादा जातात. एवढ्या पैशांत अभ्यासाची कितीतरी पुस्तके येतील. शिवाय एवढे करूनही चित्र अडायचे ते अडतेच, कारण पुष्कळदा दोष प्लॅनचा नसतो.

वेग लागतो तरी किती? फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस पुरेत, असे नेटफ्लिक्स स्वतःच सांगते. म्हणजे ५० एमबीपीएसच्या साध्या जोडणीवर घरातील चौघांनी एकदम चार व्हिडिओ लावले, तरी निम्म्याहून अधिक वेग शिल्लक राहतो.

तेव्हा पैसे खर्चण्यापूर्वी बिघाड घराबाहेर आहे की घरात, हे ठरवावे. मोबाइलचा डेटा बंद करून वायफायवर स्पीड टेस्ट करावी. एकदा राउटरच्या शेजारी उभे राहून आणि एकदा आतल्या खोलीत. सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास, असे तीन दिवस करावे व तारीख, वेळ, आकडा वहीत लिहावा. लॅपटॉप असेल तर तो लॅन वायरने राउटरला जोडून पाहावा. ही परीक्षा सर्वांत भरवशाची. वायरवरही वेग कमी आला तर दोष बाहेरच्या लाइनचा समजावा. वायरवर ठीक आणि आतल्या खोलीत कमी, तर दोष घरातला.

आमच्या पाहण्यात बहुतेक घरांचा दोष घरातलाच निघतो. जोडणी करणारा माणूस दारातून वायर आत घेतो आणि राउटर टीव्हीमागे टांगून निघून जातो. पुढे त्याच्याआड लोखंडी कपाट येते. सिमेंटच्या भिंती, सळया, कपाट, आरसा हे सारे वायफायच्या लहरी अडवतात. त्यातही दोन प्रकार आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी जातात, पण तिथे गर्दी फार. एकमेकांत न मिसळणारे तीनच मार्ग, म्हणजे १, ६ आणि ११ क्रमांकाचे चॅनेल. कळवा किंवा कोळसेवाडीसारख्या दाट वस्तीत घराघरांतले राउटर याच तीन मार्गांवर दाटी करतात. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त आणि गर्दी कमी, पण भिंत आली की ताकद उतरते. म्हणून राउटरच्याच खोलीत ५ आणि आतल्या खोलीत २.४ वापरावे. टीव्ही तर हलत नाही. त्याला सरळ लॅन वायर लावावी. वायफायचा भार तेवढाच हलका होतो.

वायर लावूनही फक्त टीव्हीवरच चित्र अडत असेल, तर टीव्ही जुना झाला आहे का, त्याची मेमरी भरली आहे का, हे पाहावे. ॲप अद्ययावत करून टीव्ही एकदा मुख्य बटणापासून बंद करून चालू करावा. राउटरवर लाल दिवा लागला असेल तर फायबर तुटले किंवा दबले असण्याचा संभव आहे. फायबर काचेचे असते. खिडकीच्या फटीत चेपले की निकामी होते. ते कंपनीच्या माणसाकडूनच जोडून घ्यावे. सुटलेल्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यांना घातक असतो.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. दिवसाचा दीड जीबी डेटा फुल एचडीत अवघ्या ४० मिनिटांत संपतो. तेच चित्र ४८० वर ठेवले, म्हणजे साधारण १ एमबीपीएसवर, तर सव्वातीन तासांहून अधिक पुरते. फळ्यावरची अक्षरे तेवढ्यात नीट वाचता येतात.

विजेचेही पाहावे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांतील बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल थांबल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. वीज गेली की राउटरही बंद पडतो. परीक्षा देणारे मूल घरात असेल तर राउटरसाठी लहान यूपीएस घेऊन ठेवावा.

दोष बाहेरचाच निघाला तर केबलवाल्याशी जिन्यात वाद घालून उपयोग नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक मागून घ्यावा आणि वहीतले तीन दिवसांचे आकडे सांगावेत. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार, समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्याला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तोंडी तक्रार हवेत जाते, आकड्यांची तक्रार टाळता येत नाही.

शेवटी एक सांगणे. टीव्ही बाहेरच्या खोलीत, राउटर टीव्हीपाशी आणि मुलीचा अभ्यास स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, अशी आपल्या अनेक घरांची मांडणी असते. म्हणजे उत्तम वेग मालिकेला आणि उरलासुरला अभ्यासाला. घरातील वडीलधाऱ्यांनी या रविवारी राउटर टीव्हीमागून काढून दोन्ही खोल्यांच्या मधे, डोक्याच्या उंचीवर बसवावा. वायर थोडी वाढवून घ्यावी लागेल, पण मोठ्या प्लॅनचे वर्षाचे पैसे वाचतील. आणि ज्या मुलामुलींना यातले कळते, त्यांनी शेजारच्या दोन घरांतही ही तपासणी करून द्यावी.