आधी पंखा, मग मासे



होळी झाली की आपल्या सौंसरात घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात आणि त्यांना नव्या ताट्या बसतात. माणसांची सोय होते. काचेच्या टाकीतल्या माशांची आठवण मात्र एखादा मासा उलटा तरंगू लागला की होते. आमच्याकडे असेच घडले. मे महिन्यात लग्नासाठी दोन दिवस बाहेरगावी गेलो, जाताना सवयीने मेन स्विच बंद केला. परत आलो तेव्हा टाकीतले सातही मासे मेलेले होते. दोष सर्वस्वी आमचाच.

पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. 20 अंशांवर एका लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, 30 अंशांवर साडेसातच. उलट उन्हाळ्यात माशांना प्राणवायू जास्त लागतो. त्यात टाकीचे झाकण, ज्याला दुकानदार हूड म्हणतात, घट्ट बंद असते. वाफ आत कोंडते आणि दिव्याची उष्णताही तिथेच साचते.

नंतर झाकणाला पंखा बसवताना मुलाने विचारले, "बाबा, गरम वाऱ्याने पाणी गार कसे होईल?" उत्तर आपल्या माठात आहे. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडाले तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता जाते. म्हणजे दोन फुटी, 60 लिटरच्या टाकीतून एक पेलाभर पाणी उडाले, तर जवळजवळ 2 अंशांची उष्णता निघून जाते. खोलीची उष्णता मात्र पुन्हा आत येतच असते, म्हणून उन्हाळ्यात पंखा सतत चालला पाहिजे.

पंखा कोणता घ्यावा? माझे मत स्पष्ट आहे. कॉम्प्युटरमध्ये असतो तसा 12 व्होल्टचा, बॉल बेअरिंगचा पंखा घ्यावा. दीड फुटी टाकीला 80 मिलिमीटरचा एक, दोन-तीन फुटी टाकीला तसे दोन किंवा 120 मिलिमीटरचा एक पुरतो. तीन वॅटचा पंखा महिनाभर रात्रंदिवस चालला तरी दोन युनिटांच्या आसपासच वीज खातो, आणि वीज गेली तर छोट्या बॅटरीवरही चालतो. घरच्या 230 व्होल्टचा पंखा झाकणात बसवू नये. पाणी आणि लहान मुले जवळ असताना ती जोखीम नको. अडॅप्टर टाकीपासून दूर, उंचावर ठेवावा. वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे थेंब सॉकेटात न जाता खाली पडतात.

पंख्याचा वारा तिरपा, पाण्याच्या पृष्ठभागावरून जाईल असा आत सोडावा. समोरच्या बाजूला हवा निघायला वाट ठेवून तिथे जाळी लावावी, नाहीतर मासे बाहेर उडी मारतात. पंखा उलटा लावून आतली दमट हवा बाहेर ओढली, तर तो लवकर गंजतो.

पंखा म्हणजे जादू नव्हे. त्याने पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरसारखाच तोही निरुपयोगी ठरतो. उडालेले पाणी रोज भरावे लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते रात्रभर उघडे ठेवून मगच घालावे. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, म्हणून दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे. बर्फाचे खडे टाकू नयेत, एकदम बदललेले तापमान माशांना सोसत नाही.

शेवटी विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती. शाळेत शोभेसाठी टाकी ठेवावी असे अनेकांना वाटते, मलाही आवडेल. पण उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बंद असते आणि मेन स्विचही. तेव्हा टाकी घेण्याआधी पंखा, बॅटरी आणि सुटीत रोज पाणी भरणाऱ्या माणसाचे नाव ठरवावे. ते ठरत नसेल तर दारात पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवावे. मुले त्यातूनही जीव लावायला शिकतील.