पेजेची जपानी बहीण: ओकायु

मैत्रिणींनो, घरात कुणाला ताप आला, तोंडाची चव गेली, की आपण पेज नाहीतर गुरगुट्या भात टाकतो. जपानी घरांतूनही अगदी हेच करतात बरं का! त्यांच्या या पेजेला ‘ओकायु’ म्हणतात. फोडणी नाही, मसाला नाही. नुसते तांदूळ आणि पाणी.

सारी खुबी पाण्याच्या मापात आहे. वाटीभर तांदळाला पाच वाट्या पाणी घातलं की घट्ट ओकायु, सात घातलं की सैल आणि दहा घातलं की पातळ. आजाऱ्याला आधी नुसतं वरचं गाळलेलं पाणी, मग पातळ, मग घट्ट असं करत नेहमीच्या भातावर आणायचं. पाच-सहा महिन्यांच्या बाळालाही पहिला घास दहापट पाण्यातल्या, घोटलेल्या ओकायुचाच देतात.

कृती : अर्धी वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. जपानी तांदूळ आखूड नि चिकट असतो. आपला आंबेमोहोर चालेल. जाड बुडाच्या पातेल्यात अडीच वाट्या पाण्यात तांदूळ चढवा. उकळी आली की एकदाच तळापासून हलवा. मग आच अगदी मंद करून, झाकण किंचित तिरकं ठेवून ४० मिनिटं शिजू द्या. सारखं ढवळू नका हं, चिकट गोळा होतो. शेवटी चिमूटभर मीठ घाला.

जपानी लोक वर ‘उमेबोशी’ ठेवतात. जर्दाळूच्या जातीचं हे फळ खारवून, उन्हात वाळवतात. आपल्याकडे लिंबाच्या मुरलेल्या लोणच्याची फोड छान लागते.

ओकायु केवळ आजाऱ्यांसाठीच असते असं नाही. नववर्षाच्या गोडाधोडानंतर ७ जानेवारीला, पोटाला विसावा म्हणून, सात प्रकारचा कोवळा पाला घालून ती करतात. त्यात मुळा नि सलगमही असतो. झेन मठांत तर सकाळची न्याहारी हीच, आणि ती रांधतात भिक्षूच! मठातल्या स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर दोगेन या आचार्यांनी १२३७ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

म्हणून एक सुचवते. घरातल्या साऱ्यांची आजारपणं आपण काढतो; पण आपणच अंथरूण धरलं तर? तेव्हा ‘काय करू, कसं करू’ असे प्रश्न उशाशी यायला नकोत. एखाद्या रविवारी यजमानांना नि मुलांना हे माप शिकवून ठेवा. एकाला पाच, एवढं तर कुणालाही जमेल!