यंत्रातील प्रक्षेप

ज्यांच्या घरात वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा आहे आणि दारात त्याची मोटरसायकल उभी आहे, त्या वाचकांना या महिन्याचा विषय परका वाटणार नाही. एरवी या सदरातून आम्ही शाळा, भाषा आणि आपल्या सीमाभागातील घरगुती जीवन यांविषयी लिहीत आलो आहोत. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने मोटरसायकलविषयी, आणि तीही ‘स्पोर्ट्स’ म्हणविल्या जाणाऱ्या मोटरसायकलविषयी लिहावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु गेल्या मार्चमध्ये एका विद्यार्थिनीने आम्हांला एक साधा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर देता देता आम्हांला तीस वर्षे मागे जावे लागले. तो हिशेब आज वाचकांपुढे मांडत आहोत.

दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. आमच्याच गल्लीत राहणारी एक हुशार मुलगी मधल्या सुट्टीत आमच्या खोलीत आली आणि म्हणाली, “सर, रात्री अकराला आपल्या गल्लीत जी गाडी येते ना, तिचं काही करता येईल का? ती येऊन गेली की पुन्हा गणितात लक्ष लागायला फार वेळ जातो.”

गाडी कोणाची हे तिला ठाऊक होते. नाव मात्र तिने घेतले नाही. ती आमच्या चिरंजीवांची होती.

चिरंजीव उद्यमबागेतील एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतात. स्वतःच्या पगारातून हप्ते भरून त्यांनी यामाहा आर-१५ घेतली. गाडी घरी आली तेव्हा आम्हीही तिच्यावरून फेरी मारली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. १५५ सी.सी.चे, पाण्याने थंड राहणारे इंजिन, सहा गिअर, वजन एकशेचाळीस किलोंच्या आसपास. बैठक उंच आणि हँडल सखल, त्यामुळे आमच्या वयाच्या माणसाला नमस्कार घातल्यासारखेच बसावे लागते. पहिल्या दहा किलोमीटरांत मनगटे भरून आली. मग चिरंजीवांनीच सांगितले, “बाबा, हातांवर भार देऊ नका. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, कोपरं सैल सोडा.” तसे केल्यावर गाडी एकदम शहाण्यासारखी वागू लागली. वळणावर ती नजरेच्या मागोमाग जाते. इंजिनाच्या फेऱ्या सात-साडेसात हजारांच्या आसपास पोचल्या की व्हॉल्व्ह उघडण्याची तऱ्हाच बदलते, आणि कोणीतरी मागून हलकेच ढकलल्यासारखे वाटते. ब्रेक तर इतके खात्रीचे की आमच्या तरुणपणी असे असते तर, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. आमच्या सौभाग्यवती मात्र मागच्या त्या टिचभर उंच आसनावर एकदाच बसल्या. “देव्हाऱ्यावर बसवल्यासारखं वाटतं,” एवढेच बोलून त्यांनी रिक्षा पत्करली.

इथवर सारे ठीक होते. फेब्रुवारीत चिरंजीवांनी गाडीचे मूळ नळकांडे काढून बाजारातले दुसरे बसविले. मागचे मडगार्ड काढले, साडी गार्ड काढले, आरसे लहान केले. गाडी दिसायला सडसडीत झाली आणि तिचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून येऊ लागला.

त्या रात्री ते जेवायला बसले असता आम्ही विषय काढला. चिरंजीव डिप्लोमाधारक, लेथवर हात बसलेला. त्यांनी आमचे म्हणणे झटकून टाकले नाही, पण शांतपणे म्हणाले, “बाबा, आवाज थोडा वाढलाय, मान्य. पण इंजिन मोकळा श्वास घेतं. आणि तुम्ही तरी तुमच्या आर.एक्स.ला काय कमी केलं होतं? काका नेहमी सांगतात.”

हा बाण वर्मी बसला. त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९९४ साली नोकरीत कायम झाल्यावर आम्ही यामाहा आर.एक्स. १०० घेतली होती. १९८५ च्या अखेरीस बाजारात आलेली आणि प्रदूषणाचे नियम कडक होताच १९९६ साली बंद झालेली ही गाडी आमच्या पिढीला अजून विसरता येत नाही. ९८ सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन, अकरा अश्वशक्ती, चार गिअर, वजन जेमतेम शंभर किलो. आजच्या मानाने हे आकडे किरकोळ. पण हलक्या अंगामुळे ती दिव्याखालून अशी सुटायची की मोठ्या गाड्या बघत राहात. ब्रेक मात्र दोन्ही चाकांना ड्रमचे, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे.

तेवढ्यावर समाधान मानले तर ते तारुण्य कसले? आम्ही सायलेन्सरच्या आतील आवाज दाबणारी नळी, जिला गॅरेजमध्ये ‘बॅफल’ म्हणतात, ती काढली. हवेची जाळी काढली. सिलिंडरचे हेड लेथवर घासून खाली आणले, म्हणजे दाब वाढावा. कोणी सांगितले नव्हते; आम्हीच हौसेने मिस्त्रीच्या मागे लागलो होतो. गाडी खरोखर पळू लागली. पण आम्ही काय केले होते, ते त्या वेळी आम्हांला कळत नव्हते. हवा अधिक आत येऊ लागली, पण पेट्रोल सोडणारे कार्बोरेटरचे जेट तेच राहिले. त्यामुळे मिश्रण पातळ झाले. पातळ मिश्रण अधिक तापते, त्यात हेड घासल्याने आतील दाब आणि उष्णता आणखी वाढलेली. शिवाय त्या गाडीत इंजिनाला लागणारे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. पेट्रोल जाईल तेवढेच तेल जाणार.

१९९५ च्या डिसेंबरात आम्ही धाकट्या भावाला मागे बसवून वेंगुर्ला रस्त्याने सावंतवाडीला एका लग्नाला निघालो. आंबोलीपर्यंत गाडी भन्नाट आली. पुढे घाटाचा उतार लागला. उतारावर आम्ही थ्रॉटल पूर्ण मिटला होता आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रोखून धरली होती. चाके इंजिनाला जोरात फिरवीत होती, आणि थ्रॉटल मिटलेला असल्याने पेट्रोल, म्हणजेच तेल, आत जवळजवळ जात नव्हते. आधीच तापलेला पिस्टन सिलिंडरला धरला. मागचे चाक जागच्या जागी थांबले. अशा वेळी तत्काळ क्लच दाबला तर चाक मोकळे होते. पण तो क्षण कळण्याआधीच आम्ही दोघे रस्त्यावर होतो. आम्हांला खरचटण्यावर निभावले. भावाचा उजवा गुडघा कठड्यावर आपटला.

त्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली. तो आज उत्तम चालतो, उत्तम व्यवसाय करतो. पण तो गुडघा पूर्ण वाकत नाही. घरात कार्य असले की पंगत बसते आणि तो भिंतीशी खुर्चीवर बसून जेवतो. तीस वर्षे आम्ही हे पाहतो आहोत. आणि तीस वर्षे घरात एकच गोष्ट सांगितली गेली आहे, की वळणावर खडी पसरलेली होती, गाडी घसरली. ती गोष्ट आम्हीच सांगितली होती. आईवडील ती खरी मानूनच गेले.

त्या रात्री ताटावर बसलेल्या मुलाला आम्ही प्रथमच सांगितले, की खडी नव्हती.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “काकांना माहीत आहे?” आम्ही नाही म्हणालो.

आता तत्त्वाचा भाग. मराठी घेऊन एम.ए. करताना आम्हांला ‘प्रक्षेप’ हा शब्द शिकविला गेला. मूळ ग्रंथात मागाहून कोणी घातलेली भर म्हणजे प्रक्षेप. नकलाकार बहुधा दुष्ट नसतो. आपण ग्रंथ सुधारतो आहोत अशीच त्याची समजूत असते. पण त्याला एक ओळ दिसते, ग्रंथ दिसत नाही. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली, ती अशाच शिरलेल्या पाठांमुळे. यंत्राचेही असेच आहे. एका भागाचे माप दुसऱ्या दहा भागांशी बोलून ठरलेले असते. आम्ही वेग वाढविला. ब्रेक तेच ठेवले, तेलाची व्यवस्था तीच ठेवली, आणि अक्कलही तीच ठेवली.

यावर चिरंजीवांचा प्रश्न रास्त होता: मग कारखाने स्वतः गाडी बदलत नाहीत काय? बदलतात, पण कशा, ते पाहण्यासारखे आहे. आर-१५ आपल्याकडे २००८ साली आली, तेव्हा तिची शक्ती १७ पी.एस. होती. २०२१ च्या चौथ्या आवृत्तीत ती १८.४ झाली. तेरा वर्षांत वाढ जेमतेम दीडची! बाकीची सुधारणा कुठे गेली? ती पुढच्या डिस्कमध्ये, टायरमध्ये, पुढच्या शॉकअपमध्ये, घाईने गिअर उतरविल्यास मागचे चाक उसळू न देणाऱ्या क्लचमध्ये गेली. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस.ची व्यवस्था तर एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील सर्व नव्या दुचाक्यांना सक्तीचीच झाली. ज्यांचे हे आयुष्यभराचे काम, ते थांबविण्यावर अधिक खर्च करतात आणि पळविण्यावर कमी. हौशी माणूस नेमके उलटे करतो.

कायद्याची बाजूही घरात माहीत असावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ८० ते १७५ सी.सी.च्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नव्हे. दहाने आकडा वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट होते, आणि कानाला तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो. साडी गार्ड काढणाऱ्यांनी तर एवढेच आठवावे, की ते मागे बसणाऱ्या आईबहिणीच्या पदरासाठी आहे आणि नियमातही आहे.

मग गाडीला हात लावूच नये काय? लावावा, पण कुठे, हे ठरवून. टायर झिजले तर त्याच मापाचे चांगले घ्यावेत. रुंद टायर त्याच रिमवर चढविल्यास त्याचा आकार बिघडतो आणि वळणावर पकड जाते. दर आठवड्याला टायरमधील हवा पाहावी. साखळी साफ करून तिला तेल द्यावे, पावसाळ्यात अधिक वेळा. ब्रेकचे ऑइल दोन वर्षांनी बदलावे. ब्रेक आणि क्लचच्या दांड्या आपल्या बोटांच्या बेताने लावून घ्याव्यात. उरलेल्या पैशांत आय.एस.आय. शिक्क्याचे हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घ्यावेत. ह्याही सुधारणाच आहेत. त्यांचा आवाज होत नाही इतकेच.

पुढच्या रविवारी चिरंजीवांनी अंगणात बसून मूळ नळकांडे, मडगार्ड आणि साडी गार्ड पुन्हा बसविले. आम्ही पाने हातात देत होतो. त्यांनी हे आमच्या उपदेशामुळे केले असे आम्ही मानत नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही शहापूरला भावाकडे गेलो आणि सर्व सांगितले. तो थोडा वेळ आमच्याकडे पाहात राहिला. मग म्हणाला, “दादा, मला माहीत होतं. पडायच्या आधी इंजिन गप्प झालं होतं. मी मागेच बसलो होतो ना. तू कधी सांगशील म्हणून वाट बघत होतो.” आणि आत वळून त्याने चहा टाकायला सांगितले.

आता रात्री अकराला गल्लीत कोणी दचकत नाही. त्या मुलीची परीक्षा नीट पार पडली. आमच्या घरी मात्र एक अडचण झाली आहे. पूर्वी आवाज ऐकू आला की सौभाग्यवती उठून आमटी गरम करायला ठेवीत. आता फाटकाची कडी वाजेपर्यंत त्या जाग्या असतात. आणि, खरे सांगावयाचे तर, आम्हीही.