भिजलेला मोबाईल आणि तांदळाचा डबा



नळाला पाणी आले म्हणून हंडा लावायला वाकावे आणि वरच्या खिशातला मोबाईल पिंपात पडावा, भांडी घासताना कमरेला खोचलेला फोन मोरीत जावा, नाहीतर लहान मुलाने तो बादलीत बुडवून पाहावा, हे प्रकार आपल्या घराघरांत होतात. पावसाळ्यात तर विचारायलाच नको.

फोन ही एके काळी चैनीची वस्तू होती. आज घरकामाला जाणाऱ्या भगिनीला मालकिणीचा निरोप फोनवरच येतो. नाक्यावरच्या मजुराला ठेकेदार फोनवरच बोलावतो. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी, पगार जमा झाल्याचा संदेश, जातीच्या दाखल्याचा आणि मार्कशीटचा फोटो, सगळे त्याच एका डबीत असते. त्यात घरात चांगला फोन बहुधा एकच, आणि त्याचेही हप्ते फिटायचे बाकी असतात. तो भिजला की एका माणसाचे नाही, सबंध कुटुंबाचे काम अडते. म्हणून हा विषय आज या पानावर घेतला आहे.

फोन भिजला की शेजारीपाजारी पहिला सल्ला देतात, ‘तांदळाच्या डब्यात ठेवा, तांदूळ पाणी ओढून घेतो.’ तथागतांनी केसपुत्त गावी काळामांना सांगितले होते की, एखादी गोष्ट पुष्कळ लोक सांगतात किंवा ती परंपरेने चालत आली आहे, एवढ्यावरून ती मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश तांदळाच्या डब्यालाही लागू आहे.

पारखून पाहिले तर काय दिसते? पाणी फोनच्या पोटात, बोर्डाखाली आणि बारीक चिपांच्या फटीत बसलेले असते. बाहेरचा कोरडा तांदूळ ते तिथून ओढू शकत नाही. उघड्या हवेत ठेवलेला फोन डब्यातल्या फोनपेक्षा बरा सुकतो. शिवाय तांदळाचा भुसा आणि कण चार्जिंगच्या खाचेत शिरतात ते वेगळेच. अ‍ॅपल कंपनीने २०२४ साली आपल्या ग्राहकांना तांदळात फोन ठेवू नका असे सांगितले, ते याच कारणाने. मग ‘आमचा फोन तांदळाने वाचला’ असे लोक का सांगतात? कारण काही फोन नुसते सुकूनही वाचतात आणि श्रेय तांदळाला मिळते. ज्यांचा वाचला ते गावभर सांगतात, ज्यांचा गेला ते गप्प बसतात. नवस-अंगाऱ्याची कीर्तीही अशीच पसरते.

आता फोन बिघडतो कशाने ते समजून घेऊ. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. बॅटरीची वीज अशा पाण्यातून भलत्या वाटेने गेली की चिप जळते आणि बोर्डावरच्या केसासारख्या बारीक तांब्याच्या रेषा गंजू लागतात. वीज चालू असेल तर हा गंज फार झपाट्याने चढतो. म्हणजे नुसते पाणी जेवढे मारत नाही, तेवढे पाणी आणि वीज मिळून मारतात. वीज तोडणे हा पहिला उपाय आणि पाणी काढणे हा दुसरा. एवढे कळले की बाकीचे आपोआप सुचते.

फोन चार्जिंगला लावलेला असताना भिजला असेल तर त्याला हात लावू नये. कोरड्या हाताने आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, मगच वायर काढावी. फोनपेक्षा जीव मोठा.

फोन पाण्यातून काढल्याबरोबर बंद करावा. ‘चालतो का बघू’ म्हणून कुणाला फोन लावू नये, गाणे वाजवून पाहू नये. बंद पडला असेल तर चालू करू नये. आजीचा बटणांचा साधा फोन असेल तर मागचे झाकण उघडून बॅटरी लगेच बाहेर काढावी. कव्हर काढावे, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून कोरडे पुसावे. फोन सुती फडक्याने टिपून, चार्जिंगची खाच खाली करून तळहातावर हळूच आपटावा. जोरजोराने झटकू नये, पाणी आणखी आत जाते. खाचेत काडी किंवा कापूस घालू नये.

मग फोन पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवावा. चुलीजवळ, तव्यावर, कडक उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्रापुढे ठेवू नये. उष्णतेने आतला गोंद सुटतो आणि बॅटरी बिघडते. बॅटरी फुगलेली दिसली, फोन गरम लागला किंवा वास आला तर तो अंथरुणापासून आणि मुलांपासून दूर ठेवावा, चार्ज अजिबात करू नये.

नुसते थेंब उडाले असतील तर एक दिवस सुकवून पाहता येईल. पण फोन पाण्यात बुडाला असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. समुद्राचे पाणी, साबणाचे पाणी, चहा किंवा गटाराचे पाणी गेले असेल तर मुळीच थांबू नये, कारण पाणी सुकले तरी मीठ आणि घाण बोर्डावरच राहते. चांगला कारागीर फोन उघडून बॅटरी सोडवतो आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. तांदळाच्या डब्याने होणारे खरे नुकसान हेच की, धुण्याने बोर्ड वाचला असता ते दोन दिवस आपण वाट पाहण्यात घालवतो.

दुकानात फोन देताना सिम आणि कार्ड आपल्याकडे ठेवावे. पैसे पाठवण्याचा पिन कुणालाही सांगू नये. खर्च किती येईल ते आधी विचारावे आणि पावती घ्यावी. कागद मागायला संकोच करू नये, तो आपला हक्क आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. वॉरंटीवर मात्र फार विसंबू नये. बहुतेक कंपन्या पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत धरत नाहीत. पुष्कळ फोनमध्ये एक छोटी पांढरी पट्टी असते, ती पाणी लागताच लाल होते आणि कंपनीला सगळे कळते. ‘आयपी ६७’ असे लिहिलेला फोन एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास टिकेल असा तपासलेला असतो, पण तो नवा असताना. एकदा पडून फुटला, उघडून दुरुस्त झाला की तो भरवसा राहत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. फोन गेला तरी आपला नंबर जात नाही. सिमकार्ड सहसा पाण्याने मरत नाही. ते पुसून, नीट सुकवून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घातले की कामाचे निरोप आणि ओटीपी त्याच दिवशी सुरू होतात. बँकेतले पैसे बँकेतच असतात, फोनबरोबर बुडत नाहीत. सिम खराब झालेच तर ज्याच्या नावावर आहे त्याने ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचे नवे घ्यावे. मात्र नवे सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवलेले असतात, म्हणजे ओटीपीही येत नाही. म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेपर्यंत ताटकळत ठेवू नये. भिजलेला फोन ही सबब कोणतेही पोर्टल ऐकून घेत नाही.

फोनमधले फोटो आणि नंबर यांचे तसे नाही. फोन मेला की ते परत मिळवणे अवघड आणि खर्चिक असते. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांचे ग्रंथ वेगळ्या जहाजाने येत होते. महायुद्धाचा काळ होता, ते जहाज पाणबुडीने बुडवले आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले. त्यांना तेव्हा दुसरी प्रत ठेवण्याची सोय नव्हती, आपल्याला आहे. जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, मार्कशीट यांचे फोटो डिजिलॉकरमध्ये किंवा स्वतःच्या ई-मेलवर ठेवावेत, झेरॉक्स नातेवाइकाकडे ठेवावी आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरातल्या उंच फळीवर ठेवावेत. २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूणच्या पुरात घरे बुडाली तेव्हा फोन आणि कागद दोन्ही एकाच पाण्यात होते.

महत्त्वाचे पाच-सहा नंबर एका वहीत लिहून ठेवावेत आणि मुलांकडून पाठ करून घ्यावेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना फोन झिपच्या पिशवीत ठेवावा आणि प्रत्येकाच्या खिशात दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यावी. २०१७ साली ओखी वादळाने ऐन डिसेंबरात शिवाजी पार्कात चिखल केला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. घरात पाणी भरताना फोन वरच्या खिशात किंवा कमरेला न ठेवता फळीवर ठेवायची सवय सर्वांनीच लावावी.

या रविवारी विहारातून परतल्यावर घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीला जवळ बसवावे आणि दाखल्यांच्या प्रती ठेवण्याचे हे काम पुरे करावे. तासाभराचे काम आहे, पैसाही फारसा लागत नाही. आणि तांदळाचा डबा भातासाठीच राहू द्यावा.

जयभीम! नमो बुद्धाय!