शाल-श्रीफळाआधीची शाब्बासकी

१७ एप्रिल २०२१ रोजी मध्य रेल्वेच्या वांगणी स्थानकात अंध आईसोबत चालणारं मूल फलाटावरून रुळांवर पडलं. समोरून बंगळूरहून मुंबईला निघालेली उद्यान एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांतून धावले, मुलाला वर चढवलं आणि क्षणभरात स्वतःही वर आले. रेल्वेनं त्यांना ५०,००० रुपयांचं बक्षीस दिलं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी त्याच मुलासाठी देऊ केली.

हे सारं सीसीटीव्हीत दिसलं म्हणून देशाला कळलं. पण कॅमेऱ्यात न येणाऱ्या कामाचं काय? प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कॉलेजातले एक कानडीभाषक कारकून मराठी पालकांना कानडी अर्ज ओळीओळीनं समजावून सांगतात. जेवणाची सुट्टी त्यातच जाते. हे काम त्यांच्या नेमणूकपत्रात नाही आणि त्याची नोंद कुठल्या रजिस्टरातही नाही.

आपल्याकडे माणसाचं कौतुक होतं ते निवृत्तीच्या दिवशी. शाल, श्रीफळ आणि 'प्रामाणिक, मनमिळाऊ' हे कुणालाही लागू पडणारं भाषण! कौतुक वेळेवर हवं, नेमकं हवं. काय केलं, कुणाची अडचण दूर झाली, हे सांगणारं हवं. मात्र जादा काम रोजचंच झालं, तर तिथं माणूस वाढवावा लागतो; शालीनं ते भागत नाही.

वाचकहो, बँकेत, टपालात, दवाखान्यात असं कुणी भेटलं, तर त्यांच्या साहेबांच्या नावे चार ओळी लिहून द्या. मराठीत लिहा की कानडीत, 'शाब्बास' दोन्हीकडे कळतं.