शिटी वाजली म्हणजे

या पानावर आम्ही बहुधा घरांतील गोष्टींविषयीं लिहितों. आजचा विषय वरवर पाहतां घराबाहेरचा आहे. परंतु लेख वाचून संपल्यावर वाचकांस पटेल कीं, त्याचें मूळ घरांतच आहे. रस्त्यावर पोलिसानें गाडी थांबविली असतां गाडी हांकणाऱ्यानें कसें वागावें, हा तो विषय होय. सेवानिवृत्त शिक्षकास या विषयांत बोलण्याचा अधिकार काय, असें कोणी विचारील. अधिकार इतकाच कीं, या बाबतींत आमच्या हातून एक चूक घडली आणि तिचें फळ एका परक्या बाईस भोगावें लागलें.

गेल्या वैशाखांत एका लग्नासाठीं आम्ही पुण्याहून साताऱ्यास निघालों होतों. मोटार धाकट्या बंधूंचे चिरंजीव हांकीत होते. त्यांच्या शेजारीं आमचा सोळा वर्षांचा नातू, आणि मागें आम्ही, आमचें कुटुंब व सूनबाई. मुहूर्त साडेबाराचा, आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणें निघण्यास उशीर झालेला. शहरांतल्याच एका चौकांत तांबडा दिवा लागल्यावरहि गाडी पुढें गेली. शिटी वाजली. हवालदारानें हात दाखविला. चिरंजीवांनीं गाडी थांबविली खरी, पण काच अर्धीच खालीं केली, आणि परवाना काढण्याऐवजीं वादास आरंभ केला. दिवा पिवळा होता, पुढें चार गाड्या गेल्या त्या तुम्हांला दिसल्या नाहींत काय, अमुक अधिकाऱ्यांशीं आमचा घरोबा आहे, इत्यादि. हवालदार भर उन्हांत उभा होता. तो पुनःपुन्हां इतकेंच म्हणत होता कीं, "साहेब, परवाना दाखवा."

वाद वाढूं लागला तेव्हां आम्ही मागून तोंड घातलें. "अहो, आम्ही छत्तीस वर्षें शाळेंत मुलें शिकविलीं आहेत. लग्नाला चाललों आहों, मुहूर्त टळेल. जाऊं द्या." त्यानें आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलें आणि "बरं, जा मास्तर," असें म्हणून तो मागें सरला. गाडींत सर्वांस हायसें वाटलें. खरें सांगावयाचें तर आम्हांस थोडा अभिमानहि वाटला. नातू कांहीं बोलला नाहीं. पण जें शिकावयाचें तें तो शिकला होता.

तीन आठवड्यांनीं हाच मुलगा एका मित्राची वही परत करण्यासाठीं आईची स्कूटर घेऊन बाहेर पडला. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर होती. अंगीं परवाना नाहीं, डोक्यावर शिरस्त्राण नाहीं. चौकांत पोलिसानें हात वर करतांच त्याची गाळण उडाली. थांबण्याऐवजीं त्यानें गाडी एकदम वळविली आणि तो उलट्या दिशेनें निघाला. समोरून भाजीची पिशवी घेऊन एक बाई रस्ता ओलांडीत होत्या. त्यांना धक्का लागून त्या पडल्या व त्यांच्या उजव्या मनगटाचें हाड मोडलें. मुलाच्या गुडघ्यास टांके पडले. आम्ही पोलिस ठाण्यांत पोहोंचलों तेव्हां तेथील अधिकाऱ्यानें सांगितलें कीं, मुलाच्या तोंडून पहिलें वाक्य निघालें तें, "माझे आजोबा मास्तर आहेत." आम्हांस मान वर करवेना.

त्या बाई चार घरीं स्वयंपाक करतात. सहा आठवडे त्यांचा हात प्लास्टरमध्यें होता. औषधोपचाराचा खर्च व बुडालेला पगार आमच्या घरानें दिला; तो द्यावयासच हवा होता. बाई एवढेंच म्हणाल्या, "पैशांचं झालं हो, पण पोरगं नुसतं थांबलं असतं तर?" या प्रश्नास उत्तर नाहीं.

कायद्याचा भाग निराळाच. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यांत २०१९ सालीं मोठी दुरुस्ती होऊन १९९अ हें कलम आलें. अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केला तर पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना नाहीं, असें तें कलम आहे. आपल्या नकळत हें घडलें, किंवा तें घडूं नये म्हणून आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हें सिद्ध करण्याचा भारहि पालकांवरच आहे. स्कूटर सूनबाईंच्या नांवावर असल्यामुळें जबाब त्यांना द्यावा लागला. "किल्ली कोठें ठेवीत होतां?" या प्रश्नाला "खुंटीवर" हें उत्तर देतांना त्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. प्रकरणाचा निकाल अजून लागावयाचा आहे.

झाल्या गोष्टीनंतर आम्ही एका वकील स्नेह्यांपाशीं बसून हा विषय नीट समजावून घेतला. त्यांतील उपयोगी भाग येथें देतों.

पहिली गोष्ट थांबण्याची. वाहतुकीचें नियमन करणाऱ्या पोलिसाची सूचना पाळणें हें कायद्यानें बंधनकारक आहे. ती पटली कीं नाहीं, हा प्रश्न त्या क्षणाचा नव्हे. वेग हळूहळू कमी करावा, दिशादर्शक दिवा लावावा, आणि मागील गाड्यांस अडथळा न होईल अशा बेतानें गाडी कडेला घ्यावी. मग यंत्र बंद करावें, काच पूर्ण खालीं करावी. रात्रीची वेळ असेल तर गाडींतला दिवा लावावा, म्हणजे आंत कोण आहे हें पोलिसास दिसतें व त्याच्याहि मनांतली शंका जाते. दुचाकीवाल्यानें शिरस्त्राणाची पुढची काच वर करावी व तोंड दिसूं द्यावें. रहदारीच्या बाजूनें घाईनें दार उघडून उतरूं नये.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. गणवेशांतील पोलिसानें मागितल्यास परवाना दाखविणें हें चालकाचें कर्तव्य आहे. नोंदणीपुस्तक, विमा व धूर-तपासणीचा दाखला हींहि बरोबर असावींत. हल्लीं कागद जवळ बाळगलेच पाहिजेत असें नाहीं; २०१८ सालच्या नियमदुरुस्तीपासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतील दाखले ग्राह्य धरले जातात. मात्र गाडी सुरू असतांना ते फोनमध्यें शोधूं नयेत. एखादा दाखला जवळ नसेल तर तसें सरळ सांगावें. तो पंधरा दिवसांच्या आंत हजर करण्याची सवलत नियमांत आहे. खोटें बोलून वेळ मारून नेण्याची गरजच नाहीं.

तिसरी गोष्ट बोलण्याची. "नमस्कार साहेब, काय झालें?" एवढें विचारावें आणि उत्तर ऐकून घ्यावें. चूक झाली असेल तर "चूक झाली" म्हणावें. आपलें पद, आपली जात, आपल्या ओळखी, आपलें वय यांपैकीं कशाचाहि उच्चार करूं नये. आम्ही वय आणि पेशा हे दोन्ही पुढें केले, म्हणून हें विशेष जोर देऊन लिहितों. गाडींतील इतरांनीं मधें बोलूं नये; चार तोंडें एकदम सुरू झालीं म्हणजे साध्या चौकशीचें भांडण होतें. आरंभींच फोन उगारून चित्र घेऊं लागणें हेंहि भांडणास आमंत्रणच होय. हात लावणें, ढकलणें, वाट अडविणें हें तर सर्वथा वर्ज्य. दंडाची बाब दंडावर मिटते. परंतु कर्तव्यावरील लोकसेवकावर हात टाकल्यास भारतीय न्याय संहितेप्रमाणें तो स्वतंत्र गुन्हा होतो व त्यास कैदेची शिक्षा आहे.

चौथी गोष्ट मद्याची. आमच्या वाचकांच्या घरीं हा प्रश्न नाहीं असें आम्ही पूर्वीं लिहिलें असतें; आतां लिहीत नाहीं. रक्ताच्या शंभर मिलिलिटरांत तीस मिलिग्रॅमपेक्षां अधिक मद्यांश आढळल्यास पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. श्वासाची चांचणी मागितली तर ती द्यावी. नाकारल्यानें सुटका होत नाहीं. मद्याचा संशय असल्यास अटकच होऊं शकते.

आतां दुसरी बाजू. नम्रता म्हणजे मुकाट्यानें सर्व सोसणें नव्हे. गुन्हा कोणता व तो कोणत्या कलमाखालीं, हें विचारण्याचा नागरिकास हक्क आहे. पोलिसाचें नांवहि सौम्य शब्दांत विचारतां येतें. परवाना ताब्यांत घेतला तर त्याची तात्पुरती पोच मागावी. ती मिळालीच पाहिजे. चलन मान्य नसेल तर दंड तेथल्या तेथें भरण्याची सक्ती नाहीं. राज्य वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवितां येते, आणि न्यायालयाचा मार्ग मोकळा असतोच. दंड भरला तर पावती घ्यावी. पावतीवांचून पैसे मागितले गेले तर देऊं नयेत. २०१८ सालच्या दुरुस्तीपासून लाच देणाराहि गुन्हेगार ठरतो व त्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. दडपणाखालीं पैसे द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आंत कळविणारासच त्यांतून सूट आहे. महाराष्ट्रांत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा दूरध्वनि १०६४ हा आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, मास्तर, तुम्हीं कोणास पैसे दिले नाहींत, मग तुमची चूक ती काय? आम्हीहि प्रथम अशीच मनाची समजूत घातली होती. परंतु विचार करतां असें दिसलें कीं, आम्ही पैशांच्या ऐवजीं पांढरे केस पुढें केले. त्या हवालदारानें मोठ्या मनानें किंवा कंटाळून आम्हांस सोडलें असेल; तांबडा दिवा मात्र तांबडाच होता. २०१९ पासून तो ओलांडणें हें धोकादायक वाहन चालविण्यांत गणलें जातें, हें आम्हांस तेव्हां ठाऊकहि नव्हतें. आणि पुढें बसलेल्या मुलानें त्यांतून एवढेंच घेतलें कीं, नियम असतो तो ज्याचे आजोबा मास्तर नाहींत त्याच्यासाठीं.

संस्कृतांत रथ हांकणाऱ्यास 'यन्ता' असा एक शब्द आहे. तो 'यम्' या धातूपासून झाला; त्याचा अर्थ आवरून धरणें. 'संयम' व 'नियम' हे शब्दहि त्याच धातूचे. हा शब्द आम्ही वर्गांत कितीदां तरी सोडवून दाखविला. परंतु घोडा आवरतां आला म्हणजे यन्ता झाला, जीभ आवरण्याची जरूर नाहीं, अशीच जणूं आमची समजूत होती.

आतां घरांत तीन गोष्टी ठरल्या आहेत. वाहनांच्या किल्ल्या खुंटीवर न राहतां कपाटांत राहतात. नातू दर रविवारीं त्या बाईंच्या घरीं जाऊन त्यांच्या धाकट्या मुलाचें गणित घेतो. आरंभीं तो लाजेनें जात असे, आतां आपण होऊन जातो. तिसरी गोष्ट सूनबाईंनीं न बोलतां घालून दिली. मागल्या पंधरवड्यांत रात्रीं नाकाबंदीवर त्यांची गाडी थांबविली गेली. आम्ही व नातू मागें बसलों होतों. त्यांनीं आंतला दिवा लावला, काच खालीं केली, दाखले दाखविले. धूर-तपासणीच्या दाखल्याची मुदत चार दिवसांपूर्वीं संपली होती. "राहून गेलं, दंड करा," एवढेंच त्या म्हणाल्या. चलनाचा संदेश फोनवर आला आणि आम्ही पुढें निघालों. मधें बोलण्यासाठीं आमची जीभ शिवशिवली होती, हें कबूल करतों. परंतु शेजारीं बसलेल्या नातवानें आमच्या हातावर हात ठेवला, आणि आम्ही गप्प बसलों.