तळाशी गेलेला पेला

वाचकहो, मुख्याध्यापकाच्या हाती खडू शोभतो, पंपाची मूठ शोभत नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत आहे. हे मत एका मे महिन्याच्या सुटीत बनले. त्यांचे धाकटे बंधू परदेशी निघाले आणि बार्देशातील त्यांच्या घराची राखण आमच्याकडे आली. घरामागे लहानसा तरणतलाव. "भावोजी, गाळणीकडे तेवढे लक्ष ठेवा," इतकेच सांगून मेहुणे विमानात बसले.

ही गाळणी म्हणजे वाळूने भरलेली बंद टाकी. पंप तलावाचे पाणी ओढून वरून वाळूत सोडतो. गाळ वाळूत अडकतो आणि स्वच्छ पाणी तळाच्या नळ्यांतून तलावात परतते. गाळ साठला की दाबमापकाचा काटा चढतो. मग झडपेची मूठ फिरवून पाणी उलटे, खालून वर सोडावयाचे. वाळू फुलते आणि घाण बाहेर वाहून जाते. याला 'बॅकवॉश' म्हणतात.

आम्ही शिस्तीचे भोक्ते. वर्ग रोज झाडला जातो, तर गाळणी रोज का धुऊ नये? आम्ही नित्यनेमाने ती धुऊ लागलो. आठवडा लोटला, आणि पाणी नितळण्याऐवजी दुधाळ होत गेले.

एका संध्याकाळी आमच्या सहा वर्षांच्या नातवाच्या हातून स्टीलचा पेला पाण्यात पडला. खोली अवघी चार फूट. पण पेला दिसेनासा झाला. काठावर वाकून आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. "आजोबा, पेला कुठे गेला?" या साध्या प्रश्नाने आमच्या अंगावर काटा आला. पेल्याच्या जागी दुसरे कोणी असते तर? तो विचार आम्ही पुरा केला नाही. त्याच क्षणी कुंपणाच्या दाराला कुलूप घातले.

दुसऱ्या दिवशी गावातला पंपाचा मिस्त्री आला. आमची दिनचर्या ऐकून तो हसला. "सर, तुम्ही वाळूला काम करूच देत नाही!" मग त्याने आम्हांला धडा दिला. नुकत्याच धुतलेल्या वाळूच्या कणांतील फटी मोकळ्या असतात. त्यांतून बारीक गाळ निसटतो. थोडा गाळ अडकला की फटी अरुंद होतात आणि बारीक कणही अडू लागतात. म्हणून गाळणी स्वच्छ असताना काटा जिथे असेल, त्याहून ८ ते १० पौंड वर चढल्यावाचून ती धुवावयाची नाही. आमचा काटा १२ वर होता. म्हणजे २० ते २२ पर्यंत धीर धरावयाचा. तो आकडा आम्ही भिंतीवर खडूने लिहून ठेवला. खडू अखेर कामी आला!

आमचे आणखी दोन अपराध निघाले. पंप चालू असतानाच आम्ही मूठ फिरवीत होतो. त्यामुळे झडपेतील रबरी गॅस्केट फाटले होते आणि न गाळलेले पाणी परस्पर तलावात जात होते. पंप बंद केल्याखेरीज मुठीला हात लावावयाचा नाही, हा पहिला नियम. दुसरा अपराध असा की, दोन-तीन मिनिटे बॅकवॉश करून, काचेतून दिसणारे पाणी स्वच्छ झाल्यावर, अर्धा मिनिट 'रिन्स' करावयाचे आम्ही विसरत होतो; मागे उरलेली घाण पुन्हा तलावातच येत होती. पंपाच्या जाळीत आंब्याची पाने अडकली होती, ती निराळीच. शिवाय बाहेर सोडलेले क्लोरीनचे पाणी विहिरीच्या रोखाने वाहत होते. त्याची वाट त्याच दिवशी बदलली.

जाता जाता मिस्त्रीने बजाविले, "गाळणी गाळ अडवते, जंतू मारत नाही." जंतूंसाठी दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग क्लोरीन हवेच, आणि पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ हवा, नाहीतर क्लोरीन नीट काम करीत नाही.

गॅस्केट बदलले, आणि आम्ही हात आवरले. चौथ्या दिवशी सकाळी तळाशी पेला लख्ख चमकताना दिसला. नातवाने टाळ्या पिटल्या. आम्ही मात्र मुकाट्याने कुलूप उघडले. ज्यांच्या घरी, वा पाहुणे म्हणून गेलेल्या घरी, असा तलाव असेल, त्यांनी एवढे पाळावे: तळ स्पष्ट दिसत नसेल तर कोणीही पाण्यात उतरू नये. आणि तळ दिसत असला तरी, मुले पाण्यात असताना काठावरच्या मोठ्या माणसाने वर्तमानपत्र उघडू नये.